टोपणावर सत्तेचाळीस

ज्या समाजसुधारकाच्या नावाने ते पेन निघालं होतं, त्यांचं नाव मी इथे घेत नाही. त्यांच्या नावावर चैनीच्या वस्तू विकणाऱ्यांची फुकट जाहिरात मी का करू? मोजकीच पेनं काढली होती. निबवर त्यांचा चेहरा कोरलेला, टोपणावर आकडा. आमचं सत्तेचाळिसावं. अंधेरीच्या मॉलमध्ये काचेच्या कपाटात ते दिसलं आणि माझी मती फिरली, एवढंच म्हणेन.

त्या सुधारकांचा फोटो आमच्या मुलुंडच्या घरात देव्हाऱ्याशेजारी आहे. बाबा रोज देवाला हात जोडत आणि मग त्यांना. बाबा एका कारखान्यात हेडक्लार्क होते. अक्षर असं की कुणी रिटायर झालं की मानपत्र लिहायला बाबाच. टाक, दौत, ड्रॉइंग पेपर घेऊन रविवारभर जमिनीवर बसायचे. बॉलपेन किराण्याच्या यादीला, पत्र मात्र शाईनेच, हा त्यांचा कायदा होता.

गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली, ते मी पाहिलंय. त्यानंतर उशाशी एक पॅड आणि बॉलपेन. पाणी. पंखा. खिडकी लाव. कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगचा वास संध्याकाळी वाऱ्याबरोबर यायचा, त्यामुळे ‘खिडकी लाव’ रोजचंच.

ऑपरेशन चालू असताना माझा मोठा भाऊ हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून होता. वर आला नाही. त्याची गोष्ट अशी: चार वर्षांपूर्वी गावच्या घरी गणपतीची आमची पाळी होती आणि दादा ऐन चतुर्थीला बायकोला घेऊन फिरायला परदेशी गेला. मखर बाबांनी एकट्याने बांधलं. सगळ्या भावकीसमोर फोनवर त्याला म्हणाले, “परत मला तोंड दाखवू नकोस.” दादाने तो शब्द धरून ठेवला. तो बोरिवलीला राहतो, रोज मला फोन करून औषधांची चौकशी करायचा, पण घरी ये म्हटलं की एकच उत्तर.

“त्यांनी नको म्हटलं ना? मग त्यांनीच ये म्हणायचं. तू मध्ये पडू नको.”

“अरे, त्यांना आता बोलता येत नाही.”

“लिहिता येतं ना?”

दोघांच्याही हट्टाचा मला तेव्हा राग यायचा. आज येत नाही, कारण त्यांच्या हट्टापेक्षा माझा शहाणपणा महागात पडला.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी एका दुपारी बाबांनी पॅडवर लिहिलं, “दादाला पत्र लिहायचं आहे.” मला रडूच आलं. नवरात्र दोन दिवसांवर होतं. मी जाऊन ते पेन घेऊन आले, त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “दादाचं पत्र याने लिहा बाबा. ते बॉलपेनने नका लिहू.” त्यांनी पेन उलटंसुलटं करून पाहिलं, चेहरा कोरलेल्या निबवरून हळूच अंगठा फिरवला आणि पॅडवर लिहिलं, “बाकीचे सेहेचाळीस काय लिहितात?” आम्ही हसलो. मग त्यांनी ठरवलं, दसऱ्याला पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला घ्यायचं. नवी वस्तू पूजा झाल्याशिवाय वापरायची नाही, ही आमच्या घरची रीत. मला वाटलं, दहा-बारा दिवसांनी काय होतंय?

दसऱ्याला आईने पाटावर विळी, सुरी, माझा लॅपटॉप आणि मधोमध ते पेन मांडलं. टोपण काढून. बाकीच्यांना हळद-कुंकवाचं एकेक बोट लावलं. निबला मात्र भरपूर, कारण तिथे तो चेहरा होता. वर गंध, वर पाणी शिंपडलं. सगळं वाळेपर्यंत पेन तसंच झेंडूखाली राहिलं. दुसऱ्या दिवशी मी निब वरवर पुसली, शाई भरली आणि बाबांना पाट, जाड कागद सगळं लावून दिलं. त्यांनी ‘चि.’ लिहिलं. ते ‘चि.’ मी अजून विसरलेले नाही, तसं वळण आता कुणाच्या हातात नाही. पुढे पेन चालेना. झटकलं, कोमट पाण्यात बुडवलं, पण कुंकू आत जाऊन बसलं होतं. कागदावर नुसते कोरडे ओरखडे उठले.

मी आईवर ओरडले. ती रडवेली होऊन म्हणाली, “दसऱ्याक सगळी हत्यारां पुजतत, मगे पेनाक कित्याक नको?” बाबांनी पॅड ओढलं. “तिला बोलू नकोस.”

घाटकोपर स्टेशनबाहेर एक म्हातारे गृहस्थ पेनं दुरुस्त करतात. बाबांची सगळी पेनं त्यांच्याच हातची. त्यांनी अर्ध्या तासात साफ करून दिलं असतं. पण एवढं भारी पेन फुटपाथवर कसं द्यायचं, म्हणून मी मॉलमध्ये नेलं. त्यांनी ते कंपनीकडे पाठवलं आणि तीन आठवडे लागतील म्हणाले. मी बाबांना सांगितलं, थोडी वाट बघा. त्यांनी मान हलवली. आयुष्यभर साहेबांचं ऐकलेला माणूस, माझंही ऐकलं.

अठराव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले.

दादा आला. सगळं त्यानेच केलं, न रडता. दहाव्याच्या दिवशी कुरिअरने पेन आलं, आतून स्वच्छ, मखमली डबीत. ते पाहून दादाने विचारलं, “माझ्यासाठी काही लिहून ठेवलं का त्यांनी?”

मी तो ‘चि.’चा कागद दिला आणि पॅडही दिलं. दादा एकेक पान उलटत गेला. पाणी. पंखा. पेन आलं का? खिडकी लाव. उशी. पेन आलं का? शेवटच्या पानांवर दुसरं काही नव्हतंच.

“हे सगळं बॉलपेनने लिहिलंय ना?” तो म्हणाला.

“हो.”

“मग पत्र का नाही लिहिलं याने? ‘ये’ एवढंच लिहायचं होतं.”

“मी नको म्हटलं होतं,” मी म्हणाले. मला खोटं बोलता आलं असतं.

त्याने कागद घडी करून खिशात घातला. तेरावं होईपर्यंत घरात होता, पण माझ्याशी बोलला नाही. अजूनही बोलत नाही. फोन आईला येतो.

मागच्या आठवड्यात मी त्याला पत्र टाकलं. आईच्या औषधांच्या यादीमागे, हाताला लागलं त्या बॉलपेनने. ‘ये’ एवढंच लिहिलं.