शाडूच्या डोक्यातली पोकळी

“आमच्या चारबोट्या मामांना भुताने झपाटले होते. मेंदूचा स्कॅन झाल्यावर फिल्मवरचा आकार पाहून त्यांनी मातीचे डोके घडवले आणि ते भूत त्यात उतरले. तेव्हापासून मामा शांत झाले.”

गेल्या महिन्यात याच सदरात रोह्याजवळच्या वरसे येथील एका वाचकाने हे लिहिले. तो वाचक माझा सख्खा भाचा निलेश, आणि चारबोट्या मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्तू. भुताखेतांवर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. तरीही लिहितो आहे, कारण निलेशने जे खोटे तेच ठासून सांगितले, आणि जे खरोखर अनाकलनीय आहे ते त्याला दिसलेच नाही.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता. साच्यात शाडू दाबून दोन अर्ध्या भागांची मूर्ती जोडतात. आत पोकळी राहते. ती जास्त मोठी राहिली तर भिंत पातळ होते आणि मूर्ती तडकते. दत्तू प्रत्येक मूर्तीवर उजव्या हाताच्या तर्जनीने टिचकी मारी, कान लावी आणि सांगे, “दादा, ही टिकंल… ही नाय.” तो कधीच चुकला नाही. डोळ्यांची आखणीही त्याचीच. त्या दिवसांत कारखान्यात रेडिओ मंद लावलेला असे, ओल्या मातीचा वास अंगाला चिकटलेला असे, आणि दत्तूने बुबुळ टेकवले की सगळे कारागीर क्षणभर थांबत. तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

विशी ओलांडल्यावर त्याला आवाज ऐकू येऊ लागले. एके दुपारी त्याने त्याच बोटाने स्वतःच्या कानशिलावर टिचकी मारली.

“दादा, माज्या डोक्यान पोकल मोठी ऱ्हायली हाय. दोन शिंगांवानी. ते लोक तिथनं बोलतान.”

“मग काथ्या भर तिच्यात!” मी म्हणालो. पातळ मातीला बळकटी यावी म्हणून आम्ही काथ्या घालतो. सगळा कारखाना हसला. दत्तू हसला नाही.

पुढे भातगिरणीच्या पट्ट्यात त्याची ती तर्जनी मुळापासून गेली. टिचकी गेली, आखणीही गेली. निलेश तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. त्याने मामाचा हात पाहिला तो चार बोटांचाच. भगत झाले, उतारे झाले, आणि शेवटी डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. दत्तू शांत झाला तो त्या गोळ्यांनी, आणि माझ्या पत्नीने त्या रोज न चुकता हातावर ठेवल्या म्हणून. स्कॅन झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, चक्कर येऊन पडला तेव्हा.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. मेंदूच्या मधोमध दोन वाकड्या शिंगांसारख्या पोकळ्या. “सगळ्यांनाच असतात,” ते म्हणाले. “यांच्या जरा मोठ्या आहेत. या आजारात काहींच्या तशा आढळतात. पण फक्त एवढ्यावरून आजार ठरत नाही.” दत्तू माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, “काथ्या, दादा.” आणि या वेळी तोच हसला.

तो जाऊन तीन वर्षे झाली. यंदा माळा आवरताना दत्तूच्या हातचे, माणसाचे एक शाडूचे डोके माझ्या हातून निसटले आणि जोडावर दुभंगले. निलेश तिथेच होता. एरवी आतली पोकळी साधी, वाटोळी असते. यात दोन शिंगे होती. आम्ही फिल्म आणून शेजारी धरली. आकार तोच.

निलेशने मागे पाऊल घेतले. परवा त्याचा फोन आला.

“मोठे मामा, रविवारी येतो. ते डोकं खाडीत सोडून देऊ.”

“का रे? तुझं काय खातंय ते?”

“आईला झोप नाय. ती म्हणते, दत्तू त्यात अजून बोलतो.”

“मग बोलू दे. जिवंतपणी त्याचं ऐकलं कोणी?”

“फिल्म बघून बनवलं त्यांनी, मामा. एवढं काय त्यात?”

दत्तूला आपल्या कवटीच्या आतले कसे कळले, याचे उत्तर माझ्याकडे नाही. डॉक्टर योगायोग म्हणतात, म्हणोत. पण ते डोके फिल्मच्या नंतरचे, हे मी चालू देणार नाही, आणि माझ्या भावाची ही शेवटची मूर्ती खाडीतही जाऊ देणार नाही. निलेश, रविवारी ये. दिवा लावून तुला त्या पोकळीच्या आत पाहायला सांगणार आहे. शिंग जिथे सर्वांत रुंद आहे, तिथे माती एकाच दाबाने आत सारलेली आहे, आणि तिथे उजव्या हाताची पाचही बोटे उमटलेली आहेत. तर्जनीसुद्धा.