मामांची मॅकरोनी

आमचे मामा स्वयंपाकघरात शिरण्याआधी उंबऱ्यापाशी थांबायचे. टाचा जुळवलेल्या, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एक श्वास घ्यायचे आणि मगच उजवा पाय आत टाकायचे. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी हे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मागून आत्या म्हणाल्या, "हस की मोकळी. देवापुढं कवा एवढं ताठ उभं ऱ्हायलं न्हाईत!"

मामा म्हणजे माझे सासरे आणि आत्या म्हणजे सासूबाई. मामांनी फौजेत बावीस वर्षं ऑफिसर मेसचा स्वयंपाक केला आणि पेन्शनीत कवठे महांकाळला परत आले. आमच्याकडं फौजी काही कमी नाहीत, पण ते सगळे बंदुकीच्या गोष्टी सांगतात. मामा कढईच्या सांगायचे. गावानं त्यांचं नावच 'मेसवाले' ठेवलं होतं. बाजारात कुणी डिवचायचं, "मेसवाले, आज कसली फोडणी?" मामा चालता चालता म्हणायचे, "ये की गड्या, भांडी घासाय माणूस पायजेच हाय."

मी नववीत शाळा सोडलेली. त्यामुळं सासरी आले ती धास्ती घेऊनच. कुणी काही विचारेल आणि मला सांगता येणार नाही, असं सारखं वाटायचं. भाजीत मीठ घालतानाही हात अडायचा, घातलं की नाही तेच आठवायचं नाही. मामांच्या ते पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं. म्हणाले, "घाबरलेला माणूस मीठ दोनदा टाकतो, पोरी. एकदा टाकायचं आन् इसरून जायाचं."

त्यांचा खास पदार्थ म्हणजे मॅकरोनी. दुकानातलं पाकीट आणलेलं त्यांना चालत नसे. सीमेवरच्या ठाण्यावर पाकिटं पोचायची नाहीत, तेव्हा ते हातानं नळ्या वळायला शिकले होते. मला पहिल्यांदा दाखवताना त्यांनी बारीक रव्याचा घट्ट गोळा मळला, तासभर ओल्या फडक्याखाली ठेवला, मग चिमूटभर पीठ सायकलच्या चाकातल्या तारेभोवती लावून पाटावर तळव्यानं फिरवलं. तार ओढून घेतली की पोकळ नळी. मी म्हटलं, "मामा, हे तर आमच्या नखुल्यांसारखं झालं." माहेरी लग्न ठरलं की गव्हले-नखुल्या वळायला सगळ्या बायका बसतात, मी सातव्या वर्षापासून वळत होते. तार हातात घेतली आणि बघता बघता ताट भरलं. मामांनी एक नळी उचलून तिच्यातून उजेडाकडं पाहिलं. "अगं, तुला आर्धं येतंयच की! मला ह्ये जमाय सहा म्हैनं लागलं." मला काही येतंय, असं त्याआधी कुणी म्हणाल्याचं आठवत नाही.

उरलेलं अर्धं म्हणजे चीज. ते म्हशीच्या कच्च्या दुधाचं. दूध बोट सुखानं बुडेल इतकंच कोमट करायचं, व्हिनेगर सोडायचं, हलवायचं. गोळा जमला की सुटलेलं पाणी, म्हणजे निवळी, गरम करून त्यात बुडवून मळायचा आणि ओढायचा, पार हातभर तार येईपर्यंत. दूध एकदा उकळलं की त्याचं पनीर होतं, आणि पनीर कितीही चांगलं असलं तरी त्याला ही तार येत नाही. पुढं लोण्यावर मैदा परतून दूध घालून पांढरा सॉस, त्यात किसलेलं चीज, त्यात उकडलेल्या नळ्या, वर पुन्हा चीज. मग पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे, वरचा थर तांबूस होईपर्यंत. आत्या नाक मुरडून म्हणायच्या, "बावीस वर्सं दुधाचं वाटोळं केलं, त्याचीच पेन्शन मिळतीया," आणि सगळ्यात आधी ताटली पुढं करायच्या.

दोन वर्षांपूर्वी मामांचा उजवा हात थरथरू लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधानं कमी होईल, थांबणार नाही. मामा हात खिशात ठेवू लागले. अशात त्यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. ते निवृत्त होऊन साताऱ्यात असतात. पत्नीला डॉक्टरांकडं दाखवायला मिरजेला येणार होते, तिथून आमच्याकडं. "शंकर, तुझी मॅकरोनी खायचीय." मामा म्हणाले, "यस सर!" फोन ठेवल्यावर हाताकडं बघत बसले. मग माझ्याकडं बघितलं.

"मामा, मला नाही जमायचं. मोठी माणसं ती."

"मोठी असली तरी तोंडानंच खात्यात. तू करायचंस. आन् ह्यातलं काय त्यास्नी सांगायचं न्हाई."

म्हणजे मामांची बावीस वर्षांची अब्रू माझ्या हातात आली.

रविवारी सकाळी चार लिटर दूध मंद आचेवर ठेवून मी अंगणात व्हिनेगरची बाटली धुवायला गेले. परत येते तर दूध फसफसून वर आलेलं, आणि आत्या पदरानं पातेलं धरून उभ्या. अभिमानानं म्हणाल्या, "पावण्यास्नी कच्चं दूध देताईस व्हय? चांगल्या दोन उकळ्या काढल्या बघ." त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडं कच्चं दूध बघून जिचा हात गॅसच्या बटणाकडं जात नाही, अशी बाई सापडायची नाही.

मी घड्याळाकडं पाहिलं. साहेब दीड तासात येणार होते. मामा आत आले. त्या दिवशी उंबऱ्यावर थांबले नाहीत. पातेल्यात वाकून बघितलं, किटली उचलली आणि बाहेर पडले. ज्या माणसानं आयुष्यात शेजारी वाटीभर साखर मागितली नाही, तो इस्त्रीच्या सदऱ्यात वरच्या वस्तीवर दारोदार विचारत गेला, कुणाची म्हैस पिळायची राहिलीय का. एका घरची राहिली होती. परत आले तेव्हा दोन्ही हातांनी किटली छातीशी धरलेली आणि सदरा दुधानं भिजलेला. वाटेत हातानं दगा दिला होता. आत दीड लिटर उरलं होतं.

"एवढ्यात सगळ्यांचं होईल?" मी विचारलं.

"न्हाई. मग?"

प्रश्न त्यांनी मलाच परत दिला. मी एकदम म्हणाले, "मग दोघांपुरतंच करू. साहेब आणि बाईसाहेब. आपण भाकरी खाऊ. उकळलेल्या दुधाचा सॉस करते, ते वाया नाही जायचं."

"यस सर," मामा म्हणाले. चेष्टा नव्हती ती.

त्यानंतर हात कसे चालले ते मला माहीत नाही. मीठ मात्र एकदाच टाकलं, हे पक्कं आठवतं.

साहेब दोन घास खाऊन थांबले. डोळे मिटले. "शंकर, हात अजून तोच आहे रे तुझा!"

मामा खुर्चीमागं उभे होते, उजवा हात नॅपकिनखाली. झालं होतं सगळं. एवढं 'थँक्यू सर' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मामांनी नॅपकिन काढला आणि हात टेबलावर ठेवला. चमचे वाजायला लागले.

"हात ह्यो असा झालाय, सर. केलंय आमच्या सूनबाईनं. नववीपतोर शिकल्यात. पर आमच्या मेसमधी असा एकबी गडी नव्हता."

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "बसा. चीज कसं केलंत ते सांगा." सासऱ्यांपुढं मी कधी खुर्चीवर बसले नव्हते. मामांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी बसले आणि पंधरा मिनिटं न अडखळता बोलत होते. दारातून आत्या मधेच म्हणाल्या, "आन् दूध उकळायचं न्हाई, ह्ये सांग की त्यास्नी!"

माझ्या नवऱ्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान आधीपासून कोईमतूरला, म्हणून पुढं मीही इकडं आले. आमच्या भागातली गलाईची, म्हणजे हेच काम करणारी, कुटुंबं इथं पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांसाठी सुरू केलेली मॅकरोनी आता गल्लीतले तमिळ लोकही सांगून घेऊन जातात. गेल्या महिन्यात घरगुती खाद्यपदार्थांच्या नोंदणीला गेले. शिक्षणाच्या रकान्यात मी 'नववी' लिहिलं, हात अडला नाही. खाली प्रशिक्षण कुठं घेतलं असं विचारलं होतं. तिथं मामांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढं त्यांचा हुद्दा.

टेबलापलीकडच्या बाईंनी हिंदीत विचारलं, "ही कुठली संस्था?"

"माझे सासरे."

त्या हसल्या, पण खोडलं नाही. म्हणाल्या, "पत्ता लागेल."

मी कवठे महांकाळच्या घराचा पत्ता सावकाश सांगितला, पिनकोडसकट. श्रावणात मामा गेले, हे सांगितलं नाही.