कडी लावून केलेली प्रार्थना

देवाला रोज पहाटे न्हाणीघरात बोलावून आतून कडी लावणारी बाई अख्ख्या नाशकात एकच झाली, आणि ती म्हणजे माझी थोरली जाऊ. यात कुणाची चेष्टा करायचा माझा हेतू नाही. पण हसू आलं तर त्याला मी काय करू? नाशिकरोडला आमचं दोन खोल्यांचं घर. एका खोलीत सासूबाई, ताई (जाऊबाईंना मी ताईच म्हणायची) आणि तिची तीन मुलं, थोरला शलमोन आणि दोन मुली, दुसऱ्या खोलीत आम्ही दोघं आणि मांडीवरचं एक, आणि मध्ये दाराऐवजी पडदा. थोरले दीर मिलिटरीत, तोफखान्यात. तोफखान्याची देवळालीची छावणी इथून हाकेच्या अंतरावर, पण नेमणूक कायम पठाणकोट नाहीतर आसाम. वर्षातून एकदा रजेवर यायचे तेव्हा धाकटी रूथ त्यांना आल्या आल्या ‘अंकल’ म्हणायची, आणि ‘पप्पा’ म्हणायला शिकेपर्यंत त्यांची रजा संपलेली असायची. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. घरात फोन वगैरे असण्याचा प्रश्नच नव्हता.

झालं काय, की एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, दिवसाची धांदल सुरू होण्याआधी प्रत्येकानं दार लावून थोडा वेळ प्रभूशी एकट्यानं बोलावं. सगळ्या मंडळीनं मान डोलावली आणि घरी जाऊन मटण शिजवलं. ताईनं मात्र ते मनावर घेतलं. आधी तिनं चुलीपाशीच प्रयत्न करून पाहिला. एका हातानं भाकरी थापत, डोळे अर्धे मिटून तिची प्रार्थना चालायची ती अशी, की हे दयाळू पित्या, कालच्या दिवसाबद्दल तुझे आभार मानते, शलमोन, तो पाय आधी धुऊन ये, आणि आमच्या अपराधांची क्षमा कर, अरे क्षमा म्हणजे काय, दोन रट्टे देईन, आमेन. सासूबाई म्हणाल्या, देवालासुद्धा कळत नसेल यातलं त्याला किती आणि पोरांना किती. ताईला ते लागलं. मग तिला पाळकसाहेबांचं ‘दार लावून’ आठवलं आणि तिनं घरातली दारं तपासायला घेतली. पुढचं दार लावावं तर दूधवाला खोळंबणार, मागचं लावावं तर पाणी कसं भरणार. बाकी आतून कडी असलेली दारं दोनच निघाली, एक न्हाणीघराचं आणि एक संडासाचं. संडासाचा विचार तिचा तिनंच सोडून दिला.

तेव्हापासून पहाटे ताईची स्वारी न्हाणीत. पाटावर बसायची, बंबाच्या कडेला कंदील, आणि मांडीवर दिरांच्या जुन्या मिलिटरी रेनकोटच्या तुकड्यात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र, कारण नळाचा काही भरवसा नाही. गजराचं घड्याळ पितळी पातेल्यात ठेवलेलं. ते वाजायला लागलं की ताई सोडून सगळी आळी जागी व्हायची आणि मग सासूबाई ताईला हलवून उठवायच्या. आमचे हे फर्स्ट शिफ्टला जायचे. बिचारे खांद्यावर टॉवेल टाकून दाराबाहेर उभे. बोलायची सोय नाही, आत थोरली वहिनी आणि तिच्यासोबत साक्षात परमेश्वर! शास्त्रातलं सगळ्यांत लांबलचक स्तोत्र जेव्हा तिच्या वाचनात आलं, तेव्हा हे तीन दिवस बिनअंघोळीचे कारखान्यात गेले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, हे स्तोत्र लिहिणाऱ्याच्या घरी दोन न्हाण्या असणार.

आता खरी गंमत पुढेच. ताईला मनातल्या मनात प्रार्थना जमायची नाही. डोळे मिटून गप्प बसली की तिला झोप लागायची. दिवसभर शिकवायची ती बालवाडीतली पोरं, संध्याकाळी घरातली, झोप लागेल नाहीतर काय. म्हणून ती मोठ्यानं बोलायची, आणि बोलायची तीही शेजारणीशी बोलावं तशी. इतर वेळी ही बाई इतकी मुखदुर्बळ, की काय हवं विचारलं तर ‘काही नाही’, बरं वाटतंय का विचारलं तर ‘हो’. खरं तर तिनं काही सांगायला घ्यावं आणि सासूबाईंनी मध्येच दुसरं काढावं, पोरांनी ओरडावं, मी ‘थांबा हं ताई, दूध उतू जातंय’ म्हणून पळावं, असंच चालायचं. एकदा मी तिला चिडवलं, की त्या ओल्या न्हाणीत एवढं काय मेलं बोलायचं असतं? तर म्हणाली, “तिथं माझं वाक्य पुरं होतं गं.” मी हसले आणि कामाला लागले. पण ते वाक्य बरेच दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही.

न्हाणीची भिंत पातळ, सासूबाईंची खाट भिंतीला लागून, हे दारात, मी चुलीपाशी. ऐकायचो म्हणजे काय, कान होते म्हणून ऐकायचो! एक दिवस ताई देवाला म्हणाली, की प्रभू, तक्रार नाही, पण सगळ्यांची ताटं झाल्यावर भाकरी अगदी गार होते, कधीतरी एक गरम मिळाली तर बरं वाटेल. त्या दिवशी रात्री सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात कुणाचं कौतुक केलेलं मी पाहिलं नाही, त्यांनी ताईला हाताला धरून खाली बसवलं आणि तव्यावरची भाकरी तिच्या ताटात टाकली. वर म्हणाल्या, खा मुकाट्यानं. ताईचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी न्हाणीत सासूबाईंचा उल्लेखही नाही, सगळे आभार प्रभूचे. सासूबाई खाटेवर उठून बसल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग आम्हाला चटकच लागली. शलमोनला गणित जमत नाही असं आतून ऐकू आलं, की हे संध्याकाळी त्याला घेऊन बसायचे. पाठ दुखते म्हटलं, की मी पाण्याच्या कळशा भरून ठेवायची. आणि ताईचा विश्वास असा वाढला, की ती महिला सभेत उभी राहून साक्ष द्यायला लागली. सकाळी मागितलेलं संध्याकाळपर्यंत मिळतं, म्हणायची. बाकीच्या बायका हेव्यानं बघायच्या, आणि आम्ही मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचो.

पण हे आमचं देवपण आम्हालाच नडलं. नाताळच्या आधी ताईनं चप्पल मागितली, आहे तिचा अंगठा तुटलाय म्हणून. त्या आठवड्यात तिची जुनी चप्पल सारखी हरवायची आणि संध्याकाळी पुन्हा जागेवर सापडायची. सासूबाईंनी ती मापाला म्हणून चांभाराकडे नेली, मी मेन रोडवरच्या दुकानात नेली, ह्यांनी पिशवीत घालून देवळाली कॅम्पच्या बाजारात नेली. कुणी कुणाला सांगितलं नाही. जो तो समजला, प्रार्थना आपण एकट्यानंच ऐकली. नाताळच्या सकाळी देवळात जायच्या वेळी ताईपुढे तीन जोड आले, एकाच मापाचे. तिनं चपलांकडे पाहिलं, मग न्हाणीच्या दाराकडे, मग आमच्याकडे. “म्हणजे इतके दिवस...” एवढंच म्हणाली. त्या दिवशी आम्ही सगळे थांबून होतो, पण तिनं वाक्य पुरं केलं नाही. देवळात जुनीच चप्पल घालून, अंगठ्याला दोरा बांधून आली.

त्यानंतर न्हाणीतला आवाज बंद झाला. ती जायची, कडी लावायची, कंदिलाचा उजेड फटीतून दिसायचा, पण शब्द नाही. घर कसं खायला उठलं म्हणून सांगू! आम्हाला काहीच कळेना, घरात काय संपलंय, पोरांचं काय बिनसलंय, तिचं स्वतःचं काय चाललंय. विचारलं तर ‘काही नाही’. नवं वर्ष लागलं, थंडी वाढली, आणि एका सकाळी ताई नळापाशी हंडा उचलताना खालीच बसली. अंगाला हात लावला तर भाजत होतं. कधीपासून ताप अंगावर काढत होती कुणास ठाऊक. सबंध भरलेल्या घरात, एवढ्या माणसांत, बाई एकटीच तापत होती, आणि ज्याला सांगायची त्यालाही, आम्ही ऐकू या भीतीनं, सांगत नव्हती. मला इतकं वाईट वाटलं, की मी चुलीपाशी जाऊन रडले.

बरी होऊन ती पुन्हा पहाटे न्हाणीत गेली, तेव्हा सासूबाईंनी आपला पाट ओढत नेला आणि दाराला पाठ लावून बाहेर बसल्या. म्हणाल्या, “मोठ्यानं बोल गं बाई. तू त्याला सांगितल्याशिवाय आम्हाला कसं कळायचं?” हे टॉवेल घेऊन उभे होते ते तसेच उभे. मग ताईचा आवाज आला. तिनं चपलांबद्दल आभार मानले, तिन्ही जोडांबद्दल, प्रत्येकाचं नाव घेऊन. आणि मग जे कधीच मागितलं नव्हतं ते मागितलं, की माझ्या ह्यांना आता घरी पाठव, मला कुणाशी तरी बोलायचंय. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचाही तो मुलगाच ना. ही गोष्ट आमच्यापैकी कुणालाच बाजारातून आणता येण्यासारखी नव्हती.

ते मागणं पुरं व्हायला फार वर्षं लागली. मधल्या काळात आम्ही सातपूरला राहायला गेलो, सासूबाई प्रभूघरी गेल्या, शलमोन आखाती देशात गेला, मधली लग्न होऊन गेली, रूथ पुण्याला नर्सिंगला. न्हाणीबाहेर टॉवेल घेऊन थांबणारं कुणी उरलं नाही. ऐंशीनंतर केव्हातरी दीर पेन्शन घेऊन कायमचे घरी आले, पण तोफांनी त्यांचे दोन्ही कान नेले होते. ऐकायचं यंत्र आणलं होतं, ते शिट्या मारतं म्हणून कपाटात पडलेलं. ताईच्या नशिबाला काय म्हणावं, मला कळेना.

एका मे महिन्यात मी चार दिवस तिच्याकडे राहायला गेले. पहाटे जाग आली, सवयीनं न्हाणीकडे कान लावला, तर आवाज पुढच्या खोलीतून येत होता. ताई खुर्चीवर बसली होती, समोर दीर, गुडघ्यांवर हात ठेवून, तिच्या तोंडाकडे एकटक बघत. ती देवाला सगळं सांगत होती, मुलांचं, गुडघ्यांचं, शेजाऱ्यांनी तोडलेल्या शेवग्याचं, अगदी सावकाश. दीर भलत्याच ठिकाणी मान डोलवत होते. तिनं जोडलेले हात सोडले तसं त्यांनी ते पाहून, जरा जास्तच मोठ्यानं, ‘आमेन’ म्हटलं आणि पेपर आणायला बाहेर गेले.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, की ताई, त्यांना यातलं काही ऐकू येतं का? ती चहाचं आधण ठेवत होती. म्हणाली, “नाही गं, एक अक्षर नाही. पण मी आमेन म्हणेपर्यंत उठत नाहीत.” तिला आणखी काही सांगायचं असेल म्हणून मी थांबले. पण तिचं सांगून झालं होतं.