आधी पाय, मग डोळा

मिस्त्री कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करून तिचं बूड बघायचे. तांब्या असो, गणपतीचा पाट असो, नाहीतर आमच्या घरचा कप. चहा संपेपर्यंत कसाबसा धीर धरायचे, की उलटा केलाच. "वर नक्षी कुनी बी काडल रं मास्तर," म्हणायचे, "कारागीर कसा व्हता ते बूड सांगतं."

कर्जतच्या बाजाराच्या टोकाला त्यांचं सुतारकामाचं खोपट होतं. माझा पाळणा त्यांनीच केलेला. त्यामुळे मी शाळेत मास्तर झालो तरी ते मला खुशाल अरेतुरे करायचे, आणि खरं सांगतो, मला ते गोड लागायचं.

लढाईच्या दिवसांत मी मुंबईहून एक जुना मोठा कॅमेरा आणला. लाकडी चौकट, चामड्याचा भाता, आणि वहीच्या पानाएवढी एकेक सुटी फिल्म. आणला खरा, पण नुसत्या कॅमेऱ्यानं भागत नाही. आणखी काय काय घ्यायचं याची मी ऐटीत यादी केली: दुसरी लेन्स, लेन्सवर लावायची पिवळी काच, चामड्याची बॅग. बॅगेत लाकडी कप्पे बसवून घ्यावेत म्हणून मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कॅमेरा घेतला आणि सवयीनं उलटा केला. मी खाली दोन्ही हात धरले.

"ह्यो उभा कशावर ऱ्हानार?"

"स्टँड बघू नंतर. तूर्त टेबल आहे घरात."

"टेबल काय डोंगरावर न्हेनार? आरं, आदी पाय, मंग डोळा. पायच हालला तर डोळ्याला काय दिसनार, कपाळ?"

मग यादीची चाळणी झाली. बॅग पहिल्या फटक्यात गेली. "क्यामेऱ्याचं लगीन हाय काय?" शेवटी उरल्या चार वस्तू. पक्कं स्टँड, डोक्यावरून घ्यायचं काळं कापड, फिल्म ठेवायची पेटी, आणि चित्र नीट उमटलंय का ते कॅमेऱ्याच्या मागच्या काचेला टेकवून बघायचं एक लहानसं भिंग. स्टँड त्यांनी सागाचं केलं. दोरीनं माझ्या डोळ्यांची उंची मोजली, पायांना लोखंडी टोकं ठोकली. तयार झाल्यावर त्यावर दोन्ही हातांनी भार देऊन बघितला आणि म्हणाले, "आता माजं येक काम कर. माजा येक फोटो काड. त्वांड दिसल असा. लेकीला धाडायचाय. घाटावर दिलीय, वरीस वरीस भेट नाय."

"काढू की!" मी म्हणालो. म्हणायला काय जातं! फिल्मची तेव्हा मारामार होती. माझ्यापाशी मोजून सहा होत्या. त्यातली एक म्हाताऱ्याच्या तोंडावर कशाला घालवा, असं मनात आलं. होय, अगदी याच शब्दांत आलं.

रविवारी आम्ही कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांत गेलो. स्टँड त्यांच्याच खांद्यावर. दर्शनी कमान बघून मिस्त्री थबकले. दगडात कोरलेले वासे, तुळया, जाळ्या. "आयला! दगडात सुतारकी केलीया रं!" त्यांनी एका वाशाखालून हात फिरवला. बूड बघत होते.

कमान केवढी उंच आहे ते फोटोत कळावं म्हणून मी त्यांना तिच्या खाली उभं केलं. त्यांना वाटलं, हाच त्यांचा फोटो. पागोटं सारखं केलं, हातात मापाचा गज धरला, आणि मी सांगेपर्यंत पापणी लववली नाही.

"आलो का रं मी?"

"आलात की."

तिळाएवढे आले होते. जवळून काढू पुढच्या वेळी, असं मी मनाशी ठरवलं. पुढच्या वेळी.

फोटो सुरेख निघाला. शाळेत भिंतीवर लागला. तपासनीस साहेब आले, त्यांनी तो चष्मा पुसून पाहिला. "वा! हा खाली कोण उभा आहे?"

त्याच खोलीत मिस्त्री बाकाचा मोडका पाय ठोकत बसले होते.

"कोणी नाही, साहेब. माप कळावं म्हणून एक मजूर उभा केला."

"आणि हे कोपऱ्यातलं कॅमेऱ्याचं स्टँड? फार पक्कं दिसतंय."

"मुंबईहून आणलं."

कशासाठी खोटं बोललो, देव जाणे. साहेबांपुढे मोठं दिसायला, दुसरं काय! हातोडीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी जाताना ते म्हणाले, "बाक झालं, मास्तर. बगून घ्या तुमी." बघून घ्या! त्या दिवसापासून मला कधी अरे म्हणाले नाहीत. फोटोचं नावही पुन्हा काढलं नाही. लढाई संपली, फिल्म मिळू लागली. मी मुंजी टिपल्या, लग्नं टिपली, तपासनिसांची बायकोमुलंही टिपली. त्यांच्या खोपटावरून मात्र मान खाली घालून जायचो. माफी मागायला दहा पावलं चालायची होती. तेवढी माझ्याच्यानं झाली नाहीत.

मिस्त्री गेले ते तापानं, चार दिवसांत. तेराव्यानंतर त्यांची लेक आमच्या दारात आली.

"मास्तर, बाबाचा फोटो हाय ना तुमच्यापाशी? दर खेपंला सांगायचा, मास्तरनं माजा फोटो काडलाय म्हनून."

म्हणजे त्यांनी तिला दुसरं काहीच सांगितलं नव्हतं. मी कोंडाण्याचा फोटो काढून दिला. तिनं वरपासून खालपर्यंत बघितला, तिला कोणी दिसेना. मी बोट ठेवून दाखवलं आणि ते लहान भिंग हातात दिलं. ती उजेडाला जाऊन बसली.

"पागोटं त्याचंच," ती म्हणाली. "गज बी त्याचाच."

मग तोंड शोधू लागली. भिंग पुढे-मागे करत राहिली. शेवटी तिनं वर बघितलं. रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"मास्तर, येवड्या लांब का वो उभा केलात त्याला?"