जावयाच्या तोंडची अमेरिका

शालिकराम भोयरांना अमेरिकेत मत नव्हतं. तिथे राहणाऱ्या त्यांच्या लेकीला नव्हतं, जावयालाही नव्हतं. तरी त्या वर्षी ऑगस्टपासून जयताळा रोडवरच्या त्यांच्या घरात अमेरिकेची निवडणूक रोज सकाळी साडेआठला, पोह्यांच्या आधी लढली जायची, आणि ती संपेपर्यंत त्यांच्या बायकोच्या, प्रेमिलाबाईंच्या, उजव्या हाताला मुंग्या आलेल्या असायच्या.

कारण फोन त्या धरायच्या. लेकीने पाठवलेला स्टँड कपाटावर पडून होता. स्टँडवरचं चित्र मेल्यासारखं दिसतं, हाताने धरलं की जिवंत वाटतं, असं शालिकरामांचं म्हणणं. हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनच्या धडधडाटात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तिथे त्यांचं बोलणं कोणाला ऐकूच गेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘भोयर बोलतात’ नावाचं चॅनेल काढलं आणि साठून राहिलेलं सगळं ओतायला घेतलं. आधी ते नाल्या आणि खड्ड्यांवर बोलत. एका व्हिडिओत त्यांनी एका स्थानिक पुढाऱ्याची पुरती लाज काढली, तेव्हा मोटरसायकलवरून दोन माणसं फाटकाशी येऊन नुसती उभी राहून गेली. त्यानंतर शालिकरामांना अमेरिकेच्या भवितव्याची काळजी वाटू लागली. अमेरिकेतून जयताळ्याला कोणी येणार नव्हतं.

“ट्रम्प म्हणजे मर्द माणूस!” हाफ बाह्यांच्या बनियनवर इस्त्रीचा शर्ट चढवून ते सुरू करायचे. खाली लुंगीच असायची, ती कॅमेऱ्यात यायची नाही. “आन् ही कमलाबाई? नुसती हसते. बाईले राग आला तं बाई घरात भांडे आपटते. ही बॉम्ब आपटीन! बाईच्या हाती बटण देता का तुम्ही?”

त्या वेळी बटण प्रेमिलाबाईंच्या अंगठ्याखाली असायचं. चालू त्या करायच्या, बंद त्या करायच्या, मथळा टाकून चॅनेलवर चढवायच्याही त्याच. पासवर्ड त्यांनाच पाठ होता. कमलाबाई कोण, कशी, त्यांना ठाऊक नव्हतं. ट्रम्पचंही सोयरसुतक नव्हतं. टीव्हीवर त्याला पाहिलं की आपल्याच घरातला एक आवाज सूट घालून उभा आहे, एवढंच त्यांना वाटायचं.

व्हिडिओ बघणारे म्हणजे बगिच्यात सकाळी फिरायला येणारे पंधरावीस निवृत्त लोक आणि कुठले कुठले नातेवाईक. त्यांच्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले रुपराव डोये होते. ते कमलाच्या बाजूचे. ट्रम्पचं नाव निघालं की ते थुंकायचे. “तो माणूस नाही, तो बंद पडलेला भोंगा आहे. एकदा वाजला की थांबतच नाही.” यावरून रोज बाकड्यावर जुंपायची. एके दिवशी रुपराव सगळ्यांसमोर म्हणाले, “तुले काय माहीत गा अमेरिकेचं? तू तं रायपूरच्या पुढं गेला नाहीस!”

सगळे हसले. शालिकराम घरी आले ते पाणीही न पिता खुर्चीत बसले आणि म्हणाले, “धर वं फोन.”

त्या दिवसापासून ‘आमचे जावई’ सुरू झाले. आमचे जावई तिथेच राहतात, आमचे जावई म्हणतात की बाई आली तर देश बुडाला, आमच्या जावयांच्या कंपनीत तर सगळे ट्रम्पच्याच बाजूने. लाइक वाढले. रुपराव दोन दिवस गप्प बसले. जावयाचा शब्द खोडायची पद्धत आपल्याकडे नाही, दुसऱ्याच्या जावयाचाही नाही.

खरा जावई ऋषिकेश यातलं एक अक्षर बोलला नव्हता. तो अकोल्याच्या मोहोडांचा मुलगा, मोजकं बोलणारा. रविवारच्या फोनवर सासऱ्यांनी विषय काढला की, “बाबा, मी इथे व्हिसावर आहे, मला काय करायचं?” असं म्हणून तो फोन दिपालीकडे द्यायचा. दिपालीला आठवा सरत होता. नोव्हेंबरच्या अखेरची तारीख होती. बारा नोव्हेंबरची भोयर नवराबायकोची अमेरिकेची तिकिटं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. लेक माहेरी येऊ शकत नाही तर माहेर तिच्याकडे जाईल, असं प्रेमिलाबाईंनी सगळ्या नात्यात सांगून ठेवलं होतं. जुन्या नऊवारीची सहा दुपटी शिवून, धुऊन, उन्हात वाळवून झाली होती. डिंक, अळीव, बाळंतशोपा पुड्यांत बांधून तयार होत्या.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी ऋषिकेश स्वतःहून जरा मोकळा बोलला. “आई, आमची मॅनेजर फार चांगली बाई आहे. बाळ झालं की दीड महिना घरी राहा म्हणाली. मी मागितलंही नव्हतं.” प्रेमिलाबाईंनी दोन्ही हात जोडले. शालिकराम शेजारी बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ते कॅमेऱ्यापुढे म्हणाले, “बाई खुर्चीवर बसली की काय होते, हे आमच्या जावयांले विचारा. त्यांच्या डोक्यावर एक बाईच मॅनेजर आहे. आमचे जावई म्हणतात, तिले काही येत नाही, फक्त बाई म्हणून बसवली. कमलाबाईचं बी तेच!”

प्रेमिलाबाईंचा हात हलला. व्हिडिओत तेवढ्यापुरता शालिकरामांचा चेहरा तिरपा होतो आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं.

बंद केल्यावर त्या म्हणाल्या, “जावईबापू असं कधी म्हणाले?”

“म्हणाले नाही, पण मनात असनच. कोणत्या माणसाच्या मनात नसते?”

“कालच तं तिचं कौतुक करून राहिले होते. तिकडं कोणी पाह्यलं म्हणजे?”

“तिकडं कोण मराठी समजते? टाक तू. पोहे थंडे होऊन राहिले.”

पोहे खरंच थंड होत होते. त्यांनी टाकला.

तिकडे मराठी समजणारा पुण्याचा एकजण ऋषिकेशच्याच ऑफिसात, त्याच्याच मजल्यावर बसत होता. त्याचं ऋषिकेशशी पटत नव्हतं. कोणत्याशा काकूने गंमत म्हणून पाठवलेला व्हिडिओ त्याने पाहिला, इंग्रजीत चार ओळी करून चारजणांना दिला. गुरुवारी ऋषिकेशचा फोन आला तेव्हा दिपाली पडद्यावर नव्हती.

“मॅनेजरने मला आज आत बोलावलं होतं,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं प्रेमिलाबाईंना वाटलं. “मी म्हटलं, मी असं बोललो नाही. ती म्हणाली, मग तुझे सासरे खोटं बोलतात का? मी काय सांगायचं, आई? नोकरी गेली तर व्हिसा जातो. दिपालीच्या हॉस्पिटलचा विमा त्या नोकरीवर आहे.”

“आत्ता काढून टाकतो जी,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“काढून काय होणार? तो पोचलाय. बाबांनी स्वतः व्हिडिओवर सांगावं की हे मी बोललो नाही, त्यांनी मनाने घातलं. मी तो तिला दाखवीन. ते होत नसेल तर तुम्ही दोघंही येऊ नका. माझी आई येईल. तिला मी आजच बोललोय.”

फोन बंद झाला. विहीणबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले होते. खाली बसता येत नाही, पाय लांब करता येत नाहीत. ती बाई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कसं घालणार? प्रेमिलाबाईंच्या डोक्यात आधी हेच आलं. आणि मग हे, की नात्यात सगळे विचारतील, पहिलं बाळंतपण सासूनं काहून केलं?

शालिकरामांनी फोन ऐकला होता. “सासऱ्यानं जावयाची माफी मागायची? चॅनेलवर? रुपरावच्या समोर?”

“हो.”

“पाय धुतले मी त्याचे लग्नात!”

“आता तोंड धुवा आन् बसा खुर्चीत.”

ते बसले. इस्त्रीचा शर्ट घातला. “मित्रहो, माझ्या बोलण्याचा काही लोकांनी गैरअर्थ काढला...”

प्रेमिलाबाईंनी बंद केलं. “गैरअर्थ नाही. खोटं बोललो म्हणा.”

दुसऱ्यांदा ते म्हणाले, “आमचे जावई तसं बोलले नाहीत. पण खरी गोष्ट अशी आहे की बाईच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाले भीतीपोटी...” पुन्हा बंद. तिसऱ्यांदा जावयापासून सुरू होऊन गाडी कमलाबाईच्या हसण्यावर गेली. चौथ्यांदा त्यांनी टेबलावर हात आपटला. “नाही म्हणत मी! एकतीस वर्षं सायबाच्या शिव्या ऐकल्या, आता जावयाच्या ऐकू? होऊ दे बाळंतपण कोणाच्याही हातून! पोरगी काय अडून राह्यली तुयाबिना?”

हे ते म्हणाले तेव्हा फोन चालूच होता. प्रेमिलाबाईंनी तो खाली घेतला. भिंतीकडे पाठ केली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडे वळवला. पडद्यावर पिकलेल्या केसांची, कपाळावर घाम आलेली एक बाई दिसली. तिला बघत राहण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

“मी प्रेमिला भोयर. ऋषिकेशरावांची सासू. सोमवारी या चॅनेलवर जे सांगितलं, ते ऋषिकेशराव बोलले नाहीत. त्यांनी त्यांच्या मॅडमचं कौतुक केलं होतं, माझ्या कानानं ऐकलं मी. माझ्या नवऱ्यानं खोटं सांगितलं. बगिच्यात लोक हसले म्हणून जावयाचं नाव लावलं. याच्या आधीचंही जावयाचं म्हणून जे जे सांगितलं, ते सगळं यांचंच आहे. आन् फोन मी धरला होता. मले माहीत होतं खोटं आहे. तरी मी टाकला. मॅडम, तुमच्या पाया पडतो. पोराचा काही दोष नाही.”

शालिकराम उठेपर्यंत तो चॅनेलवर गेलाही होता.

“काढ तो! काढ म्हणतो ना!”

“पासवर्ड टाका आन् काढा,” त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

‘भोयर बोलतात’वर भोयरांना इतके लोक कधी लाभले नव्हते. संध्याकाळपर्यंत बगिच्यातल्या प्रत्येकाने पाहिला. रुपरावांनी खाली लिहिलं, ‘वहिनी, पुढच्या निवडणुकीत तुम्हीच उभ्या राहा.’ शालिकराम दुसऱ्या दिवशी फिरायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, तर कोणीतरी बाकड्यावरून सरकून जागा देत म्हणालं, “या, जावई काय म्हणतात?” ते तसेच परतले आणि घरात त्यांनी बोलणं बंद केलं. जेवणाचं ताट पुढे आलं की जेवायचे, मीठ कमी असलं तर ताट सरकवायचे.

आठवड्याने दिपालीचा फोन आला. मॅनेजरने व्हिडिओ पाहिला होता. तिने ऋषिकेशला एवढंच विचारलं, ही तुझी सासू बाळंतपणाला येतेय ना? “आई, तू ये,” दिपाली म्हणाली. मग म्हणाली, “बाबांचं तिकीट ऋषिकेशने रद्द केलंय. मी काही बोलले नाही त्याला.”

“बरं केलं,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. नवरा दारात उभा आहे, हे माहीत असून त्या तसं म्हणाल्या.

सहा नोव्हेंबरला दुपारी निकाल लागला. ट्रम्प निवडून आला. शालिकरामांनी टीव्हीचा आवाज इतका मोठा केला की शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मग ते आतल्या खोलीच्या दाराशी आले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

“म्हटलं होतं का नाही मी? मर्द माणूस आहे म्हणून?”

प्रेमिलाबाई पलंगावर बॅग भरत होत्या. लाडवांचा डबा, दुपटी, कानटोपी, शेकायला कापडाचे गोळे. झाकण दोन बोटं वर राहत होतं.

“रुपरावचं तोंड पाहाले जायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. गेले मात्र नाहीत. दाराची चौकट धरून उभे राहिले. टीव्हीवर लोक ओरडत होते. “तू गेली की जावयांले सांगजो. सासरे म्हणत होते तेच झालं. एवढं सांगजो.”

“नाही सांगत.”

“एवढंबी नाही?”

“त्यांच्या घरात तुमचं नाव मी काढणार नाही. पोरीनं काढलं तं बोलीन.” त्यांनी झाकणावर दोन्ही तळवे टेकून दाबून पाहिलं. चेन अर्ध्यात अडली. “उभे काहून आहात? बसा यावर.”

शालिकरामांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग लुंगी सावरली आणि बॅगेवर बसले.

“सरका मांगं. अजून.”

ते सरकले. प्रेमिलाबाई गुडघ्यावर वाकल्या आणि त्यांच्या दोन्ही पायांमागून चेन ओढत नेऊन त्यांनी ती बंद केली.