वाळूवरची वलांडी

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला केळव्याला शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायला लागली होती. सासऱ्यांनी आमच्या वाडीत सुपारीची झाडं तोडून दोन खोल्या बांधल्या. शेजारच्या चार-पाच वाडीवाल्यांनी तेच केलं. मग सगळ्यांनी मिळून एक मंडळ काढलं. किनाऱ्यापर्यंत डांबरी रस्ता, संडास, स्टेशनवर पाटी अशा मागण्या होत्या. सासरे अध्यक्ष. अर्ज मी लिहायचे, कारण घरात माझं अक्षर चांगलं आणि मी बी.ए. झालेली.

एकच अडचण होती. सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर उतरलं की समोरच बोंबील वाळत घातलेले असायचे. मांगेलआळीतल्या बाकीच्या मच्छीमारांनी मासे टांगायची बांबूची वलांडी लांब उत्तरेला नेली होती. राहिली होती एका म्हातारीची. ती विधवा होती, पायांत दम नव्हता, घराजवळची तेवढीच जागा तिला झेपायची. गिऱ्हाईकं नाकाला रुमाल लावून परत फिरायची.

तिला मी मावशी म्हणायचे. माझ्या बाळंतपणात दूध यावं म्हणून ती रोज मुशी माशाचे तुकडे आणून द्यायची, आणि मी खाल्ल्याशिवाय ओट्यावरून उठायची नाही.

ठाण्याहून अधिकारी पाहणीला यायचे ठरले. सासऱ्यांनी अर्जात एक ओळ घालायला सांगितली. मी लिहिली: ‘मासे वाळवणाऱ्यांनी पर्यटनाच्या हितासाठी किनाऱ्याची जागा स्वखुशीने सोडली आहे.’ अर्ज गेला. मग तिला विचारायला मला पाठवलं.

ती एका बोंबलाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून टांगलेल्या जोड्या सारख्या करत होती. मी म्हटलं, “मावशी, दोन दिवस वलांडी काढ. साहेब येऊन गेले की परत बांध.”

“एका दिसाचं ऊन झालाय यांना. आता काढले तर सडतील.”

“दोनच दिवस गं.”

तिने माझ्याकडे बघितलं. “तू सांगतेस म्हून काढते, बाय. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं.”

दोघींनी मिळून बांबू उपटले. ती जागा पुन्हा मिळणार नाही, हे मला माहीत होतं. तिथे होणाऱ्या बाकांसाठी सिमेंट आमच्याच पडवीत येऊन पडलं होतं.

अधिकारी आले, शहाळी प्याले, आमच्याकडे पापलेट जेवले. किनाऱ्यावर उभे राहून म्हणाले, “इथे वास नाही, हे फार चांगलं.” सासरे हसले. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी ती बांबू खांद्यावर घेऊन आली. तिथे गवंडी बाकाचा पाया भरत होता. मंडळाची सगळी माणसं उभी होती. सासरे तिला म्हणाले, “आता ही लोकांची बसायची जागा.”

“मंग मी कुठं जाऊ? घरातले बोंबील किडले सगळे.” ती माझ्याकडे वळली. “तू बोल्लीस ना दोन दिस?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मी असं काही म्हटलं नव्हतं,” मी म्हणाले.

ती भांडली नाही. शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणीसुद्धा वाटलं. बांबू तिथेच टाकून ती गेली. गवंड्याने ते पुढे दुसऱ्या कामात परांचीला वापरले.

पुढे रस्ता झाला. आमच्या दोनाच्या सहा खोल्या झाल्या. ती आमच्या दारी पुन्हा आली नाही. ती बोईसरला दुसऱ्यांची सुकी मासळी विकते, असं कानावर यायचं.

चारेक वर्षांनी पाहुण्यांसाठी सुके बोंबील हवे होते म्हणून मी बोईसरच्या बाजारात गेले. ती कारखान्यातल्या कामगारांच्या घोळक्यात बसली होती, खूप वाळलेली. मी समोर वाकले. तिने मान वर करून मला नीट पाहिलं.

“क्या चाहिए, मॅडम?” ती म्हणाली.

“मावशी, मी...”

“कितना दूँ?”

मी अर्धा किलो म्हटलं. तिने कागदात बांधून पुडकं पुढे केलं आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, “तेरे को क्या?”

बोंबील उत्तम होते. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. कुठून आणले म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा सासरे म्हणाले, “इथलेच, आमच्या किनाऱ्यावरचे.” मी वाढत राहिले.