हळू सांगितलेला अर्थ

गुळाचा खडा मास्तरांनी माझ्या पुढ्यात टाकला. हातात दिला नाही, पानावर ठेवला नाही. टाकला. तो पायरीवरून घरंगळत धुळीत गेला.

"उचल. आणि सतराचा पाढा म्हण."

मी उचलला. पाढा म्हटला. खोटं कशाला सांगू, गूळ खाल्लासुद्धा. आमच्या घरी गूळ सणालाही दिसत नसे. पण तो चघळत असताना मास्तर आतल्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून काही सांगत होते. याला शिकवायचं तर लोभ दाखवावा लागतो, म्हणाले. लोभाने भागलं नाही तर भय. तुमचं तसं नाही, तुम्हाला विद्येची जिज्ञासा उपजतच आहे, ती कुळातून येते.

ज्यांना जिज्ञासा उपजत होती त्यांत वकिलाचा मुलगा पहिला. त्याला रोज सकाळी त्याच्या घरचे दोन गडी हातपाय धरून, बोकड उचलावा तसा, शाळेत आणून टाकत. तो वाटभर बोंबलत असे. एकदा तर शेनाळे तळ्याच्या काठी गड्याच्या हाताला कडकडून चावून पळाला होता. आणि मी? मी महाराचा. न बोलावता यायचो, उन्हात बसायचो, आणि मला म्हणे गोडी लावावी लागत होती.

शाळा कल्याणात, भाड्याच्या घरात होती. सरकारचा हुकूम होता की कुठल्याही जातीचं पोर आलं तर नाकारायचं नाही. मास्तरांनी नाकारलं नाही. फक्त आत घेतलं नाही. पायरीच्या बाजूला, खिडकीखाली, मला जागा दाखवली. माझी पाटी त्यांनी कधी हातात धरली नाही. छडीला विटाळ होईल म्हणून छडीही मारली नाही. चुकलो की मातीचं ढेकूळ फेकत. नेम चांगला होता त्यांचा.

हे मास्तर साधेसुधे नव्हते. पुण्याहून शिकवण्याची नवी विद्या शिकून आलेले. मन कसं वाढतं याचं त्यांच्याजवळ शास्त्र होतं. आधी डोळे आणि कान जागे होतात, मग स्मरणशक्ती येते, शेवटी विवेक. झाडाला जशा एकावर एक फांद्या फुटाव्यात तसं. पण काही जातींत स्मरणाच्या वर फांदी फुटतच नाही, मन तिथेच थांबतं, असं ते म्हणत. ही गोष्ट ते खणखणीत आवाजात सांगत. मला ऐकू यावी म्हणूनच सांगत असतील.

एरवी त्यांचा आवाज चढत नसे. शाळेची रीत अशी होती की जे पाठ करायचं ते सगळ्यांनी मिळून ओरडून म्हणायचं. वकिलाचा मुलगा पुढे म्हणायचा, बाकीचे मागून. पाढे, नद्या, कविता, सगळं खिडकीतून बाहेर पडायचं. ओरडणं संपलं की मास्तर लोडाला टेकून पोरांना जवळ बोलावत आणि सुपारी चघळत हळू आवाजात समजावून सांगत. या ओळीचा अर्थ काय, हा हिशेब कशाला करायचा, त्याचं उत्तर असंच का येतं. मला फक्त त्यांचे हलणारे ओठ दिसायचे. पहिले काही महिने मला वाटे, आत काही गुप्त चाललंय. मग वाटायला लागलं, महत्त्वाचं काही नसेल. महत्त्वाचं असतं तर ओरडून सांगितलं असतं. पोराचं डोकं, दुसरं काय समजणार.

तर मी ओरडलेलं सगळं पाठ केलं. घरी म्हणायचो तेव्हा आय चुलीपुढचं काम सोडून ऐकत बसायची. तिला एक अक्षर कळत नसे. मलाही कळत नव्हतं, पण हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. बा रेल्वेच्या लायनीवर खडी फोडायचा. त्याच्या डोळ्यात खडीची कपची जाऊन एक डोळा कायमचा लाल झाला होता. तो एवढंच म्हणायचा की परीक्षा पास झाला तर शाळा, नाहीतर माझ्याबरोबर हातोडा. घरात खाणारी तोंडं पाच. त्यात त्याची चूक नव्हती.

परीक्षेला ठाण्याहून शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले. नावाचेच साहेब, होते आपल्याकडचेच, लाल पगडीवाले. गावातले चार प्रतिष्ठितही आले होते, वकीलही होता. मास्तरांनी आधी आतल्या पोरांची परीक्षा घेऊ दिली. मग मला पायरीपाशी उभं केलं. मी कमरेत वाकून जोहार केला, तसा करायचा असं बजावलं होतं.

"आता एक मौज दाखवतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी मला कविता म्हणायला सांगितली. मी म्हटली. घडाघडा, न थांबता, छाती भरून. तिसऱ्या ओळीशी आलो, अर्धी म्हटली, तीच अर्धी परत म्हटली, आणि पुढे गेलो. आत हसू फुटलं. मी बावरलो, पण थांबलो नाही. पुढच्या कडव्यातही तेच झालं आणि या वेळी प्रतिष्ठितही हसले. दिपोटीसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

मला कळेना काय झालं. मी कवितेत एक शब्द गाळला नव्हता. वकिलाचा मुलगा पोट धरून हसत होता, आणि त्याच्याकडे बघताना मला उमगलं. त्या ओळींना तो नेहमी अडखळायचा. अर्धी म्हणायचा, विसरायचा, पुन्हा अर्धीपासून धरायचा. मागून सगळी शाळा तसंच ओरडायची. नंतर मास्तर त्याला जवळ घेऊन सुधारून सांगत. हळू. ती सुधारलेली ओळ माझ्यापर्यंत कधी आलीच नाही. मी त्याची चूक कविता समजून पाठ केली होती.

मास्तर खुलले होते. त्यांनी साहेबांना सांगितलं की स्मरण पाहा कसं आहे, एखाद्या पोपटाला लाजवील. आता अर्थ विचारा. साहेबांनी विचारला. मी गप्प. दुसऱ्या ओळीचा विचारला. मी गप्प. मास्तर म्हणाले, हेच ते. इथे मन थांबतं. यात याचा दोष नाही, घडणच तशी. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, मग याला पुढच्या इयत्तेत घालून काय करायचं? बापाबरोबर खडी फोडील, सुखी होईल.

माझं सुख ठरवून ते उठायला लागले.

तेव्हा मी बोललो. ठरवून नाही. राग आला होता आणि रडूही येत होतं, त्यातून आलं ते आलं.

"मास्तर, पाठ मोठ्यानं म्हणवता. अर्थ हळू सांगता. हळू बोललेलं भायेर येत नाय."

साहेब क्षणभर माझ्याकडे आणि मग खिडकीकडे बघत राहिले. त्यांना समजलं होतं. मी त्यांचा चेहरा बघत होतो, त्यांना पुरतं समजलं होतं. ते मास्तरांना म्हणाले, मग जरा मोठ्याने सांगत जा की. मास्तर म्हणाले, घसा बसतो हो. आणि सगळे पुन्हा हसले. साहेबसुद्धा. आत दूध-केळ्यांचा बेत होता, ते तिकडे वळले.

मला जायला सांगितलं. मी गेलो नाही. पायरीवर बसलो. खाली नाही, पायरीवर.

"जात नाय. अर्थ सांगा."

पहिलं ढेकूळ खांद्याला लागलं. दुसरं कपाळाला. त्यात खडा असावा, रक्त आलं. मी हललो नाही. हात लावून मला उचलायची कोणाची तयारी नव्हती, आणि ही त्यांचीच रीत त्या दिवशी त्यांना नडली. शेवटी लायनीवरून बाला बोलावून आणलं. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग डोक्याचं मुंडासं काढून मास्तरांपुढे जमिनीवर ठेवलं. मायबाप, एक डाव माफी करा, म्हणाला. मला दंडाला धरून घेऊन गेला. माझं नाव शाळेतून गेलं ते तिथेच.

वाटेत मी विचारलं, "बा, माझं काय चुकलं?"

त्याने धोतराच्या सोग्याने माझ्या कपाळावरचं रक्त पुसलं. मग म्हणाला, "काय बी नाय चुकलं. म्हून तर पाया पडाया लागलं."

पुढे मी कुठे शिकलो, कुणी शिकवलं, ते सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच म्हणतात, हा मुळातच हुशार, म्हणून चिखलातून वर आला. मी हुशार नव्हतो. वकिलाच्या मुलाएवढाच होतो, चुकणारा, विसरणारा. त्याच्या चुका कुणीतरी जवळ बसवून सुधारल्या. माझ्या चुकांचं शास्त्र केलं. आज तो कोर्टात मुन्सफ आहे आणि मी ठाण्याच्या महारवाड्यातल्या शाळेत मास्तर. मी मोठ्याने शिकवतो. घसा बसतो, खरं आहे. मीठ टाकून गरम पाणी प्यायलं की सुटतो.

गेल्या आठवड्यात इथल्या तलावाजवळ भरणाऱ्या विद्वानांच्या सभेकडून निरोप घेऊन शिपाई आला होता. हलक्या जातींना ज्ञानाची ओढ असते की नसते, यावर कोणा विद्वानाचं व्याख्यान आहे. मी यावं, चार शब्द बोलावेत, म्हणजे लोकांना प्रत्यक्ष उदाहरण बघायला मिळेल. बसायची सोय बाहेर ओटीवर केली आहे.

मला उदाहरण व्हायचं नाही. हुशार महार म्हणूनही नाही. ज्याचं डोकं सगळ्यात मंद चालतं, त्याला आधी आत घ्या आणि सगळ्यात जवळ बसवा. तेवढं करून मग कुणाचं मन कुठे थांबतं ते ठरवायला बसा. त्याआधी तुमचं शास्त्र मला ऐकवू नका.

शिपायाजवळ निरोप पाठवला आहे. येतो. माझी सगळी पोरं घेऊन येतो. आणि आम्ही आत बसणार आहोत.